निकालात निघालेल्या फायली

आपल्या घशात दोन नळ्या एकमेकींना लागून असतात. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. फळ्यावर आकृती काढताना आपण हे शेजारपण सहज सांगून जातो. ठसका का लागतो, जेवताना बोलू नये असे का म्हणतात, एवढे झाले की धडा पुढे सरकतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र हेच शेजारपण जिवावर बेतू शकते.

मोठ्या शस्त्रक्रियेत रुग्णाला पूर्ण भूल देतात आणि पुष्कळदा स्नायू शिथिल करणारे औषधही देतात. त्यात श्वासाचे स्नायूही लुळे पडतात. म्हणून भूलतज्ज्ञ तोंडातून एक नळी श्वासनलिकेत सरकवतो आणि तिच्यातून ऑक्सिजन पुरवतो. पण कुणाचा जबडा आखूड असतो, कुणाची मान वळत नाही, कधी स्वरयंत्राचे तोंड नीट दिसत नाही. अशा वेळी नळी चुकून मागच्या अन्ननलिकेत जाते. ऑक्सिजन पोटात जाऊ लागतो. पण तेवढ्यानेही छाती हलल्यासारखी दिसू शकते आणि स्टेथॉस्कोप लावला तरी कान फसू शकतात. भूल देण्यापूर्वी भरपूर ऑक्सिजन हुंगवलेला असतो, त्यामुळे फुप्फुसांतला साठा काही मिनिटे पुरतो आणि सारे ठीक चालल्याचा भास होतो. ओठ निळे दिसेपर्यंत बहुमोल वेळ निघून गेलेला असतो.

असा रुग्ण दगावला, किंवा वाचूनही मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळला, तर घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो : चूक कोणाची? न्यायालयही हाच प्रश्न विचारते. त्याच्यामागे दुसरा एक प्रश्न उभा असतो : चूक घडली कशी, आणि ती वेळेत कळली का नाही? दोन्ही प्रश्न वरवर सारखे वाटतात. पण पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळतेच असे नाही. अमेरिकेत या प्रश्नांवर गेली पन्नास वर्षे कडाक्याचे वाद चालू आहेत, आणि आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे तिथे काही मोजमापही झाले आहे. म्हणून तिकडची उदाहरणे घेऊ.

वाद कशाचा?

वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्याकडून दोन कामांची अपेक्षा असते. ज्याला इजा झाली त्याला भरपाई मिळावी, आणि पुढच्या डॉक्टरने अधिक जपून वागावे. निष्काळजीपणा म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. उपचार फसणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्या परिस्थितीत साधारण कौशल्याच्या जबाबदार डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली गेली नाही, आणि त्यामुळेच इजा झाली, या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात.

अमेरिकेतले डॉक्टर अशा दाव्यांपासून संरक्षण म्हणून विमा उतरवतात. १९७० च्या दशकाच्या मध्याला या विम्याचे हप्ते एकदम भडकले. डॉक्टरांनी निषेध केला, काही ठिकाणी कामही थांबवले. १९७५ साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून भरपाईच्या एका भागावर मर्यादा घातली. भरपाईचे दोन भाग असतात. बुडालेली मिळकत आणि औषधोपचाराचा खर्च हा हिशेबाने काढता येणारा भाग. त्यावर मर्यादा नव्हती. वेदना, अपंगत्व, जगण्यातला आनंद हरपणे यांचा हिशेब मांडता येत नाही. त्या भागाला अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा ठरली. पुढे इतर अनेक राज्यांनी असेच कायदे केले, टेक्सासने २००३ साली.

ही मर्यादा कोणाला बोचते पाहा. चाळिशीतल्या इंजिनियरला इजा झाली तर बुडालेल्या पगाराचा आकडा मोठा निघतो. लहान मूल, घर सांभाळणारी बाई, निवृत्त म्हातारा यांना पगारच नसतो. त्यांच्या भरपाईत बिनहिशेबी भागच मोठा, आणि कात्री नेमकी त्यावरच. शिवाय कॅलिफोर्नियाची मर्यादा महागाईशी जोडलेली नव्हती. २०२२ साली कायदा बदलेपर्यंत त्या अडीच लाखांची खरी किंमत पाचव्या हिश्श्याहूनही खाली आली होती. (२०२३ पासून ही मर्यादा इजेसाठी साडेतीन लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख झाली, आणि ती दहा वर्षे टप्प्याटप्प्याने वाढत जाणार आहे.)

डॉक्टर म्हणत, ऊठसूट दावे होतात, त्या धाकाने आम्हाला नको त्या तपासण्या कराव्या लागतात. वकील म्हणत, दावे थांबवले तर डॉक्टरांना विचारणारे कोणी उरणार नाही. दोन्ही बाजूंकडे काळजाला हात घालणाऱ्या कथा होत्या. आकडे मात्र कोणाकडेच धड नव्हते.

मोजले तेव्हा काय दिसले

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी न्यूयॉर्क राज्यातील ५१ रुग्णालयांमधून १९८४ सालातली तीस हजारांवर रुग्णांची कागदपत्रे निवडली आणि डॉक्टरांकडून ती तपासून घेतली. निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. शंभरातल्या ३.७ रुग्णांना, आजारामुळे नव्हे, तर उपचारांमुळे इजा झाली होती. त्यांतल्या सुमारे २८ टक्के इजा निष्काळजीपणामुळे होत्या. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे एक.

पुढचे पाऊल अधिक कल्पक होते. याच रुग्णांपैकी कोणी दावा लावला, हे राज्याच्या नोंदींशी ताडून पाहिले गेले. तपासणाऱ्यांच्या मते निष्काळजीपणामुळे इजा झालेले २८० रुग्ण होते. त्यांपैकी दावा केला होता आठ जणांनी!

बाकीच्यांनी का केला नाही? पुष्कळांना आपल्याला इजा झाली हेच कळले नसेल. दुखणे वाढले अशीच समजूत झाली असेल. उलट बाजूही तितकीच अस्वस्थ करणारी होती. या पाहणीतील ५१ दाव्यांचा संशोधकांनी दहा वर्षे पाठपुरावा केला. १९९६ सालापर्यंत ४६ दावे निकालात निघाले. त्यांतल्या २४ प्रकरणांत तपासणाऱ्यांना उपचाराने इजा झाल्याचेच आढळले नव्हते, तरी दहा जणांना पैसे मिळाले. निष्काळजीपणाने इजा झालेली नऊ प्रकरणे होती. पैसे मिळाले पाचांना. पैसे मिळणे कशावर अवलंबून होते? निष्काळजीपणावर नव्हे, तर रुग्णाला कायमचे अपंगत्व आले की नाही, यावर.

आकडे लहान आहेत, त्यांवर फार मोठी इमारत उभारू नये. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४५२ निकाली दाव्यांची छाननी झाली, तेव्हा चित्र बरेच बरे दिसले. चूक होती अशा बहुतेकांना भरपाई मिळाली होती, चूक नव्हती अशा बहुतेकांना नव्हती. पण रुग्णाच्या हाती पडणाऱ्या दर डॉलरमागे ५४ सेंट वकील, तज्ज्ञ आणि न्यायालय यांवर खर्ची पडत होते, आणि निकालाला सरासरी पाच वर्षे लागत होती. आणि हा अभ्यास न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचलेल्यांचा होता. दारापर्यंत न आलेले २७२ जण त्यात कसे दिसणार?

शेवट ठाऊक असला की

अपंगत्व पाहून निर्णय झुकतो, हा दोष केवळ भाबड्या ज्यूरीचा नव्हे. रॉबर्ट कॅप्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. भूलशास्त्रातल्या २१ प्रकरणांच्या त्यांनी दोन-दोन प्रती केल्या. हकिगत अक्षरशः तीच, फक्त शेवट वेगळा. एका प्रतीत इजा तात्पुरती, दुसरीत कायमची. ११२ भूलतज्ज्ञांना यातली एकेक प्रत देऊन विचारले, घेतलेली काळजी योग्य होती का? शेवट तात्पुरत्या इजेऐवजी कायमच्या इजेचा केला, की ‘योग्य होती’ म्हणणाऱ्या मतांचे प्रमाण ३१ टक्क्यांच्या फरकाने घसरले. मते देणारे सगळे त्याच विषयातले जाणकार होते!

हा प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. प्रयोगशाळेतल्या छोट्या अपघाताची दहा ओळींची गोष्ट लिहा. अर्ध्या वर्गाच्या प्रतीत आम्ल टेबलावर सांडते, उरलेल्या अर्ध्यात ते मुलीच्या हातावर पडते. बाकी एकही शब्द बदलू नका. मग ‘शिक्षकांनी पुरेशी काळजी घेतली होती का?’ यावर चिठ्ठ्या घ्या. दोन्ही गटांच्या चिठ्ठ्या मोजल्यावरच गुपित फोडा.

भूलतज्ज्ञ फायली वाचतात

आता पुन्हा त्या नळीकडे वळू. भूलतज्ज्ञांची संख्या डॉक्टरांत थोडी, पण दिल्या जाणाऱ्या भरपाईत त्यांचा वाटा संख्येच्या मानाने कितीतरी मोठा होता. १९८२ साली अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने भूल देताना होणाऱ्या मृत्यूंचे भेदक चित्र लोकांपुढे मांडले. भूलतज्ज्ञांची संघटना दोन मार्गांपैकी कोणताही धरू शकली असती. एक, भरपाईला मर्यादा घाला म्हणून आमदारांचे उंबरे झिजवणे. दुसरा, मृत्यू कमी करणे. १९८४ साली संघटनेचे अध्यक्ष असलेले एलिसन पिअर्स यांनी दुसरा धरला. १९८५ साली केवळ भुलेच्या सुरक्षिततेसाठी एक स्वतंत्र प्रतिष्ठान उभे राहिले.

जमीन आधीच थोडी नांगरलेली होती. बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले जेफ्री कूपर डॉक्टर नव्हते, अभियंते होते. वैमानिकांच्या चुका अभ्यासण्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वापरली गेलेली पद्धत त्यांनी भूलतज्ज्ञांना लावली. शांतपणे, नाव न विचारता, ‘थोडक्यात वाचलो’ अशा प्रसंगांच्या मुलाखती घेतल्या. १९७८ साली त्यांनी असे ३५९ प्रसंग मांडले. त्यांतल्या ८२ टक्क्यांत माणसाची चूक होती. पण त्या चुका विखुरलेल्या नव्हत्या. ठरावीक जागी पुन्हा पुन्हा होत होत्या. श्वासाची नळी यंत्रापासून निसटणे, वायूच्या प्रवाहाची खुंटी नकळत फिरणे, एका औषधाऐवजी दुसऱ्याची सिरिंज उचलणे. वेगवेगळी माणसे एकाच जागी ठेचकाळत असतील, तर माणसांबरोबर त्या जागेकडेही पाहायला हवे. (आमच्या प्रयोगशाळेत सारख्याच दिसणाऱ्या दोन बाटल्यांची अदलाबदल तीन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांकडून झाली, तेव्हा कुठे आम्हाला एकीचे बूच लाल करावेसे वाटले.)

पण घातक अपघात मुळात विरळ. एखाद्या भूलतज्ज्ञाच्या साऱ्या कारकिर्दीत एक-दोन. विरळ घटनांचा अभ्यास करायचा तर त्या गोळा कुठे सापडणार? सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात फ्रेडरिक चेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या सापडल्या विमा कंपन्यांच्या कपाटांत. निकालात निघालेल्या दाव्यांच्या फायलींत रुग्णालयाची कागदपत्रे, साक्षी, तज्ज्ञांची मते, शवविच्छेदनाचा अहवाल, सारे एकत्र शिवलेले असते. वकिलांच्या लेखी ती रद्दी. भूलतज्ज्ञ स्वतः विमा कंपन्यांच्या कचेऱ्यांत जाऊन बसले आणि नावे वगळून प्रत्येक फाइलचा गोषवारा ठरावीक नमुन्यात भरू लागले.

पहिल्या ९०० फायलींतच एक नवल हाती लागले. पाठीच्या कण्यात भूल दिलेल्या चौदा धडधाकट माणसांचे हृदय अचानक बंद पडले होते. सहा जण दगावले. वाचलेल्या आठांपैकी फक्त एक जण पुढे स्वतःचे स्वतः करू शकला. प्रत्येक गावी ‘दैवाने घात केला’ म्हणून सोडून दिलेली घटना शेजारीशेजारी ठेवल्यावर एकसारखी दिसू लागली. झोपेचे औषध, मंदावत जाणारा श्वास, आणि अॅड्रेनलीन देण्यात झालेला उशीर. १९८८ साली हे छापून आले.

१९९० साली १५४१ फायलींचा हिशेब आला. एक तृतीयांशाहून थोडे अधिक अपघात श्वासाचे होते, आणि त्यांतल्या ८५ टक्क्यांत मृत्यू किंवा मेंदूला इजा. तीन कारणांत तीनचतुर्थांश प्रकरणे आटोपत होती : श्वास अपुरा पडणे, नळी अन्ननलिकेत जाणे, नळी घालणेच अवघड होणे. वाचणाऱ्यांच्या मते यांतली बहुतेक प्रकरणे चांगल्या निरीक्षणसाधनांनी टळली असती.

दोन साधने

यांतले एक साधन २०२० च्या कोविडच्या साथीत आपल्याकडे घराघरांत पोहोचले. बोटाला लावायचा चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते, ऑक्सिजन सोडून दिलेले जास्त शोषते. अवरक्त प्रकाशाच्या बाबतीत उलट. दोन्ही प्रकाश बोटातून आरपार सोडून त्यांच्या शोषणाची तुलना केली की ऑक्सिजनचे प्रमाण काढता येते. अडचण अशी, की कातडी, हाड, नखे हीदेखील प्रकाश शोषतात. जपानमधील अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस यातून वाट काढली. नाडीच्या ठोक्याबरोबर जो भाग बदलतो तेवढाच मोजायचा, कारण ठोक्यागणिक बदलते ते फक्त रोहिणीतले रक्त.

दुसरे साधन कॅप्नोग्राफ. आपण आत घेतो त्या हवेत कार्बन डायॉक्साइड सुमारे ०.०४ टक्के, आणि बाहेर सोडतो त्या हवेच्या शेवटच्या भागात सुमारे पाच टक्के. हा वायूही अवरक्त प्रकाश शोषतो. नळी श्वासनलिकेत असेल तर पडद्यावर दर श्वासाला एक डोंगर उमटतो. पोटात असेल तर दोनचार श्वासांत रेघ सपाट. ऑक्सिमीटरचा आकडा साठा संपेपर्यंत फसवा राहू शकतो. कॅप्नोग्राफ ताबडतोब बोलतो. आकृतीतल्या दोन नळ्यांतला फरक जो डोळ्याला आणि कानाला कळत नव्हता, तो एका वायूने सांगितला.

हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांनी १९८६ साली आपले नियम जाहीर केले. भूलतज्ज्ञाने खोली सोडायची नाही, रक्तदाब व नाडी निदान दर पाच मिनिटांनी मोजायची, नळी निसटली तर वाजणारी घंटा हवी. त्याच वर्षी अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने देशासाठी मानके स्वीकारली. ऑक्सिमीटर १९९० पासून आवश्यक झाला. पुढच्या काळात भूलतज्ज्ञांच्या विम्याचे हप्ते, महागाई वजा जाता, खाली आले.

इथे टाळ्या वाजवण्यापूर्वी थोडे थांबावे लागेल. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २०,८०२ रुग्णांना दोन गटांत विभागून एकाच गटाला ऑक्सिमीटर लावला होता. ऑक्सिजन घसरल्याचे लक्षात येण्याचे प्रमाण त्या गटात एकोणीस पट होते, पण मृत्यूंत फरक दाखवता आला नाही. मृत्यू इतके विरळ झाले होते, की वीस हजारही पुरले नाहीत. निकाली फायलींतही मृत्यू आणि मेंदूच्या इजेचे प्रमाण घटले, पण ती घट साधने येण्यापूर्वीच सुरू झालेली दिसते. शिवाय फायलींत अंश असतो, छेद नसतो. एकूण किती जणांना भूल दिली हे ठाऊक नसेल तर धोका किती, हे सांगता येत नाही. १९९९ सालच्या एका गाजलेल्या अमेरिकी अहवालात भुलेचे मृत्यू दहा हजारांत दोनवरून दोन-तीन लाखांत एकावर आल्याचे म्हटले होते. त्या आकड्यावर भूलतज्ज्ञांनीच पुढे आक्षेप घेतले. भूल पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित झाली याबद्दल दुमत नाही. ‘किती पट’ याबद्दल आहे.

मर्यादा, माफी आणि आपल्याकडे

भरपाईवरील मर्यादेने काय साधते? दिली जाणारी रक्कम घटते, हप्तेही काही प्रमाणात घटतात. इजा घटत नाहीत, आणि घटाव्यात असे तिच्यात काही नाहीही. उलट २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मर्यादा लागू केलेल्या पाच राज्यांत रुग्णालयांतल्या टाळता येण्याजोग्या घटना हळूहळू वाढल्याचे दिसले. तेव्हा दाव्याच्या धाकाचा काहीच उपयोग नाही, असेही म्हणवत नाही. माझे मत असे, की हा वाद किमतीचा आहे, आणि तो चालू असताना मालाकडे कोणी बघत नाही.

दुसऱ्या वाटाही आहेत. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून दोष सिद्ध न करताच सरकारी निधीतून भरपाई मिळते. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून चूक आढळली की स्वतःहून सांगायची, माफी मागायची आणि भरपाई देऊ करायची, असे ठरवले. वकिलांना भीती होती की दाव्यांचा पूर येईल. प्रत्यक्षात दर लाख भेटींमागे महिन्याला येणारे नवे दावे सातवरून साडेचारवर आले.

आपल्या देशातल्या कायद्याचा एक पाया भुलेच्याच प्रकरणातून घातला गेला आहे. १९५३ साली कोकण किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेल्या एका तरुणाला पुण्यात आणले. पूर्ण भूल न देता, जोर लावून हाड बसवल्याने तो धक्क्याने दगावला, असे न्यायालयात ठरले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ साली लागला, पंधरा वर्षांनी. भरपाई तीन हजार रुपये. रुग्णाला स्वीकारायचे की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरवर काळजीची जबाबदारी असते, हे त्या निकालाने सांगितले. १९९५ साली याच न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि २००५ साली फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागेल असे ठरवले.

ग्राहक आयोगांची निकालपत्रे कोणालाही वाचायला मिळतात. ती वाचायला वकील असण्याची गरज नाही. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय सेवेबद्दलची दहा निकालपत्रे द्यावीत आणि कोण जिंकले हा रकाना तक्त्यात ठेवूच नये. इजा कोणती, ती प्रथम कोणाच्या लक्षात आली, किती वेळाने आली, कोणती नोंद कागदावर नव्हती, आणि कोणते मापन केले असते तर ती आधी कळली असती, एवढे पाच रकाने पुरेत. निकालपत्रात बाकीची सगळी कागदपत्रे नसतात, तेव्हा काही चौकोन रिकामे राहतील. तेही तसेच रिकामे ठेवून मोजावेत.